पासिंगला चालकाची सीटही तपासा

मा. संपादक,

पासिंगच्या, म्हणजे फिटनेस तपासणीच्या, दिवशी बसचे ब्रेक, दिवे, टायर, धूर बघतात. चालकाच्या सीटची गादी सहसा कुणी दाबून बघत नाही. खासगी बसचालकांच्या कंबरदुखीची सुरुवात बहुतेकदा तिथेच असते.

बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला चार ते आठ वेळा येणारी उभी थरथर सर्वांत जास्त जाचते. जुना फोम पत्र्यापर्यंत दबला की खड्ड्याचा धक्का थेट मणक्यांवर येतो. मग खाली टॉवेल, वर उशी. त्याने उंची वाढते आणि क्लच गाठताना चालक एका अंगाला सरकतो. खरे काम मोजके आहे: दाट फोम घालणे, सीटखालचे सैल बोल्ट आवळणे, पुढेमागे सरकवायचा खटका चालू करणे. सस्पेन्शन सीट (स्प्रिंगवर किंवा हवेवर बसवलेली) असेल तर चालकाच्या वजनाप्रमाणे नॉब फिरवावा. उसळी आवरणाऱ्या डँपरमधून तेल गळत असेल तर हीच सीट जास्त उसळते. कंबर मागे टेकवून क्लच पूर्ण दाबला तरी गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. डावा गुडघा रोज दुखत असेल, तर डॉक्टरबरोबर मेकॅनिकलाही विचारा. झिजलेली क्लचप्लेट किंवा क्लच हलका ठेवणारा पण हवा गळू लागलेला बूस्टर पेडल जड करतो, आणि म्हापसा-पणजीच्या सकाळच्या गर्दीत ते पेडल किती वेळा दाबावे लागते हे वेगळे सांगायला नको.

इंजिन शेजारीच असलेल्या बसमध्ये गियरखालचे रबर फाटले, बोनेटच्या आतला फेल्ट गळाला, की उष्णता आणि धूर दोन्ही केबिनमध्ये येतात. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. मोटारसायकल टॅक्सी चालवणारे पायलट तर हा धूर दिवसभर उघड्यावर घेतात.

लघवीचा प्रश्न लाजेपोटी कुणी बोलत नाही. गावाकडच्या शेवटच्या थांब्यावर मुतारी नसली की चालक पाणीच कमी पितो. मूतखडा आणि लघवीची जळजळ यांना आपल्या दमट उन्हाळ्यात एवढे पुरते. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे.

मधुमेही चालकाला उपाशी फेरी सर्वांत धोक्याची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण चुकले, तर साखर झपाट्याने उतरते: घाम, थरथर, मग गोंधळ. गाडी लगेच बाजूला घेऊन तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. साखर सावरल्यावरही पाऊण तास स्टिअरिंग धरू नये, कारण मेंदू उशिरा सावरतो. प्रवासी कितीही ओरडोत. व्यावसायिक परवान्यासाठी डॉक्टर जो फॉर्म १-अ भरतात, त्यात दृष्टी, रंगओळख, ऐकू येणे, रातांधळेपणा आहे. रक्तदाब आणि साखरेला रकाना नाही. परवाना पाच वर्षांचा असतो. तेवढ्या काळात साखर कुठल्या कुठे जाते.

कामाच्या तासांचे काय? १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवली. पण तो पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या मालकांना लागू होता. एक-दोन बस असलेला मालक त्याच्या बाहेर राहिला. चालकाची कमाई दिवसाच्या गल्ल्यावर ठरत असेल, तर तो स्वतःहून विश्रांती घेईल ही अपेक्षाच फोल आहे. सलग सतरा तास जागा माणूस प्रयोगांत रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. पहाटेच्या विमानासाठी मोपा विमानतळावर रात्रभर थांबणाऱ्या टॅक्सीचालकांनीही हा आकडा लक्षात घ्यावा.

परमिटमधल्या बसफेऱ्यांच्या वेळा ठरवणे सरकारी यंत्रणेच्याच हातात आहे. प्रत्येक फेरीच्या शेवटी विश्रांतीची दहा मिनिटे त्यात लिहून टाकावीत, आणि शेवटच्या थांब्यावर पंचायतीने पाण्याचा नळ व मुतारी द्यावी.

— एक वाचक, फोंडा