सायकल घेऊन या म्हणालात, त्याबद्दल

फिजिओ ताई, नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण वाचलंत की कळेलच.

मागच्या जूनमध्ये तुमच्याकडे आलो तेव्हा कंबरेने पार हैराण केलं होतं. आठवड्यातून तीनदा पहाटे खडकवासला आणि रविवारी सिंहगड हे माझं ठरलेलं, पण चाळीसेक किलोमीटर झाले की कंबर भरून यायची, मग रस्त्याच्या कडेला उतरून दोन्ही हात कंबरेवर ठेवून मागे वाकायचं आणि जरा बरं वाटलं की परत निघायचं. एकदा ऑफिसमध्ये खाली पडलेलं पेन उचलायला वाकलो आणि अशी उसण भरली की चार दिवस कूस बदलता येईना. एमआरआयमध्ये डिस्क बल्ज निघाला, म्हणजे मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली. आधी ज्यांना दाखवलं त्यांनी दोन मिनिटांत सांगून टाकलं, सायकल विका आणि पोहायला लागा. घरी येऊन सायकलवर जुनी चादर टाकली, आणि खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही.

तुम्ही आधी रिपोर्ट बघितलाच नाहीत. पाय बधिर होतात का, पायातली ताकद कमी वाटते का, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय असं कधी झालं का, हे सगळं नीट विचारलंत, असं काही असेल तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठायचं हेही बजावलंत. मग म्हणालात की अजिबात दुखत नसलेल्या चाळिशीतल्या लोकांचे एमआरआय काढले तरी जवळपास निम्म्यांत डिस्क बल्ज दिसतो, त्या कागदाला एवढं घाबरू नका. आणि पुढच्या वेळी येताना सायकल घेऊन या!

पहिल्या मजल्यावर सायकल उचलून आणली, तुम्ही ती ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येते त्या स्टँडवर, लावून मला पेडल मारायला लावलंत आणि मागून मोबाईलवर व्हिडिओ काढलात. तो व्हिडिओ मी अजून जपून ठेवलाय. प्रत्येक पेडलला माझी कंबर डावीकडे उजवीकडे डुलत होती, कारण सीट जवळपास दोन सेंटीमीटर उंच होती, पाय खालपर्यंत पोचवायला कंबर वाकडी होत होती आणि हे तासाला चार-साडेचार हजार वेळा. टाच पेडलवर ठेवून पाय खाली सरळ होतो का हे बघायची साधी पद्धत मला अकरा वर्षांत कोणी सांगितली नव्हती. सीट एकदम नको, आठवड्याला पाच मिलीमीटर खाली करा म्हणालात. मग सीटचा पुढचा टोकाचा भाग किंचित खाली झुकवला, आणि स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, 110 मिलीमीटरचा काढून 90 चा लावला कारण हँडल गाठायला मी पाठीचा पार बाक करून बसायचो.

घाटातलं तर मला अजिबात माहीत नव्हतं. मी जड गिअरवर जोर लावत चढायचो, मिनिटाला पन्नास-पंचावन्न पेडल, तुम्ही म्हणालात मांड्या आणि पार्श्वभाग थकले की तो सगळा जोर कंबर झेलते, हलका गिअर टाका आणि सपाटीवर तरी ऐंशीच्या पुढे ठेवा.

व्यायाम मात्र कंटाळवाणे, बर्ड डॉग, साइड प्लँक, ब्रिज, रोज पंधरा मिनिटं आणि जादू काहीच नाही. सहा आठवडे फरक पडला नाही तेव्हा मी चिडून फोन केला होता, तुम्ही शांतपणे विचारलंत की ऑफिसमध्ये खुर्चीतून किती वेळाने उठता. तीन तासांनी, हे उत्तर देताना मलाच कळलं. त्या दिवसापासून दर अर्ध्या तासाने अलार्म लावतो, पाणी प्यायला उठतोच.

ऑक्टोबरपासून दुखणं हळूहळू कमी होत गेलं. अजूनही लांब राइडनंतर कधीतरी कंबर आखडते, पण आता काय करायचं ते माहितीये, घाबरायला होत नाही.

परवाच्या रविवारी सिंहगड चढलो. पायथ्यापासून वरपर्यंत एकदाही उतरलो नाही. वर पिठलं-भाकरी सांगून बाकड्यावर बसलो आणि तेव्हा लक्षात आलं की सायकलवरून उतरल्यावर हात कंबरेवर गेलेच नाहीत. तिथूनच तुम्हाला फोन लावत होतो, रेंज नव्हती. घरी आल्यावर फोन हातात घेतला पण गळा दाटून आला, बोलता आलं नसतं, म्हणून हे लिहिलं. ताई, मनापासून आभार.

तुमचा,
निळ्या सायकलवाला पेशंट