बाबांचे ‘उडाणटप्पू’

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, मे महिन्यात मी हौसेने लावलेला तो चिनी सिनेमा, ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’, तुम्ही अर्ध्यात सोडलात. “उडाणटप्पू आहेत सगळे” म्हणालात आणि झोपायला गेलात. चार ऑस्करवाला सिनेमा! मला रागच आला होता. पण आता कळवायलाच हवं, की तुमच्या बाजूने बरेच चिनी लोक आहेत.

इथे सिंगापूरला ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई बीजिंगची. सिनेमाचं नाव काढलं तर ती हसायलाच लागली. २००० साली दिग्दर्शक आंग लीचा हा सिनेमा आला. अमेरिकेत समीक्षकांनी डोक्यावर घेतला, नुसत्या तिथेच त्याने १२ कोटी डॉलरच्या वर कमावले. परभाषेतल्या सिनेमाला तोवर तिथे एवढे पैसे कधी मिळाले नव्हते. चीनमध्ये मात्र थंड स्वागत. तारांवर लटकून उडणारे तलवारबाज त्यांनी लहानपणापासून पाहिलेले, त्यात पहिली मारामारी यायलाच पाव तास! आणि सगळ्यात खटकले ते उच्चार. सिनेमा मँडरिन चिनीत, नायक जुन्या चिंग राजवटीतला, पण तो करणारा चाउ युन-फॅट हाँगकाँगचा, त्याची बोली कँटनीज. नायिका मिशेल योह मलेशियाची, तिने तर मँडरिन येत नसताना संवाद नुसते पाठ करून म्हटलेले. बाईंनी नक्कल करून दाखवली.

मला एकदम तुम्ही आठवलात. मालिकेतला पाटील तोंड उघडतो आणि तुम्ही रिमोट आपटता, “आमच्या कोल्हापुरात असं कोण बोलतंय रं?” मी खालची इंग्रजी अक्षरं वाचत होतो, मला काय कळणार!

पण ‘गोऱ्यांसाठी बनवलाय’ हा तिकडचा आरोप मला पटत नाही. गोष्ट चिनी लेखक वांग डुलूच्या जुन्या कादंबरीतली, लढाया हाँगकाँगच्या युएन वो-पिंगने बसवलेल्या. बांबूच्या बनातली झुंज तर चिनी दिग्दर्शक किंग हूने १९७१ सालीच आपल्या सिनेमात दाखवली होती. सगळं घरचंच आहे की. संथ आहे, हे खरं. मला तेच आवडतं.

आई, तू शेवटपर्यंत बसलीस. नायक चहा घेताना नायिकेचा हात आपल्या गालाला लावतो, एवढंच, तेव्हा तुझ्या हातातली गवार तशीच राहिली होती. मी पाहिलं.

दिवाळीत येतोय. बांबूच्या शेंड्यांवरची लढाई उरलेल्या अर्ध्यात आहे, बाबांना बसवून ठेव. गवार मी निवडतो. गोळ्या वेळेवर घ्या दोघं.

तुमचा,
बाळू