बाप जिवंत आहे म्हणून हप्ता नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विकास सेवा संस्थेचा गटसचिव म्हणून मी निवृत्त झालो, तरी गावातली माणसं कागदांची पिशवी घेऊन अजून माझ्याच दारात येतात. केंद्राच्या 'पीएम-किसान' योजनेचा दोन हजारांचा हप्ता पडला की जास्तच. कुणाची ई-केवायसी राहिलेली असते, कुणाचं आधार बँकखात्याला जोडलेलं नसतं. ही कामं हेलपाटे मारून का होईना, होतात. अडतं ते 1 फेब्रुवारी 2019 या तारखेपाशी. त्या तारखेनंतर जमीन नावावर आली असेल तर हप्ता नाही. सवलत फक्त एकाला, मूळ खातेदार मयत होऊन वारसानं जमीन आली असेल तर.

आमच्या गल्लीतली दोन घरं सांगतो. एका घरात 2021 साली वडील वारले. तलाठ्याकडं वारस नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, तिघं भाऊ पात्र ठरले. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्यानं त्याच वर्षी शहाणपणा केला. आपल्यामागं पोरं कोर्टात जायला नकोत म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून रीतसर वाटणी करून घेतली आणि सगळं रान दोघांच्या नावावर केलं. झालं काय, सातबाऱ्यावर नाव उरलं नाही म्हणून म्हाताऱ्याचा हप्ता बंद, आणि तारखेनंतरची जमीन म्हणून पोरांचे अर्ज नामंजूर. आधी घरात एक हप्ता येत होता, आता एकही नाही. "मी मेलो असतो तर बरं झालं असतं व्हय?" असं त्यानं मला विचारलं. मी त्याला चहा दिला, दुसरं काय देणार?

अट का घातली ते समजतं. हप्त्यासाठी कागदोपत्री तुकडे पाडणारे निघाले असते. पण खरी वाटणी ओळखणं अवघड आहे का? या दोघा भावांची ऊसनोंद कारखान्यात वेगळी, सोसायटीचं पीककर्ज वेगळं, ई-पीक पाहणी वेगळी. कर्ज तर उसाच्या बिलातून परस्पर कापून जातं, त्यात चुकवाचुकवीला जागाच नाही. गंमत म्हणजे शेतजमिनीची वाटणी रीतसर व्हावी म्हणून याच राज्य सरकारनं 2025 साली वाटणीपत्राची नोंदणी फी माफ केली!

दोन हजारांनी काय होतं, असं शहरातले पाहुणे म्हणतात. 45 किलोचं युरियाचं पोतं 266 रुपये 50 पैशांना आहे. उसाच्या भरणीच्या वेळी दोन हजार हातात असले की दुकानदाराकडं उधारी मागावी लागत नाही, आणि उधारी नसली की युरियाबरोबर नको असलेली खता-औषधाची बाटली गळ्यात मारून घ्यावी लागत नाही. (हे असं 'लिंकिंग' बंद आहे म्हणतात. असेल.) शिवाय 'पीएम-किसान' हुकलं की राज्याच्या 'नमो शेतकरी' योजनेचे वर्षाचे सहा हजारही हुकतात, कारण राज्याची यादी त्याच यादीवरून होते.

केंद्राची तारीख बदलायची तर आमच्या जिल्ह्याच्या खासदारांनी संसदेत विचारावं. 'नमो'चा पैसा मात्र राज्याच्या तिजोरीतला आहे, त्याला दिल्लीची वाट बघायचं कारण नाही. तहसीलदारांच्या आदेशानं झालेली कलम 85 ची वाटणी वारसा हक्कासारखीच धरावी, एवढा शासन निर्णय मुंबईतून काढता येईल. आमच्याकडं आता एक-दोन म्हातारे वाटणीचे कागद तयार असूनही सही करायला मागंपुढं बघायला लागलेत.

आपला,
एक निवृत्त गटसचिव,
ता. करवीर, जि. कोल्हापूर