गळतं तिथे भोक नसतं

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोन झाला तरी पत्र लिहितेय. फोनवर बाबा तीन वाक्यांत "घे, आईशी बोल" म्हणतात आणि आई "जेवलीस का"च्या पुढे जात नाही. जेवले. भाजणी आहे अजून, मेतकूट निम्मं शिल्लक आहे. हीटर चालतो. दादा याची प्रिंट काढून देईल. बाबांनी चष्मा लावून सगळं वाचावं, मधलं गाळू नये.

मधलं म्हणजे बाबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर. "एम.टेक. करून नकली गाड्यांच्या गळत्या काढतेस?" हो बाबा, सध्या तेच करतेय. पण भोसरीत तीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढलेल्या माणसाने निदान गळती कसली ते तरी विचारायला हवं होतं.

फोर्डची जीटी फॉर्टी म्हणून एक रेसची गाडी होती. जमिनीपासून छतापर्यंत जेमतेम ४० इंच, म्हणून नावात फॉर्टी. आई, आपल्या ओट्याहून वीतभरही उंच नाही. फ्रान्समधल्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत १९६६ ते १९६९ सलग चार वर्षं हीच पहिली. १९६६ ला तर पहिल्या तिन्ही. खऱ्या गाड्या मोजक्याच उरल्यात, त्यांना हात लावायचा तर घरदार विकावं लागेल. म्हणून लोक तिची हुबेहूब प्रतिकृती बांधून घेतात. खाली पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट केलेले, वरून फायबरचं अंग.

एवढ्या ठेंगण्या गाडीत माणूस शिरणार कसा? म्हणून दाराबरोबर छताचाही तुकडा कापलेला असतो. दार उघडलं की अर्धं छप्पर त्याच्याबरोबर बाहेर येतं, आणि पाऊस पडून गेला असेल तर छतावर साठलेलं सगळं पाणी थेट सीटवर. शर्यतीत कोणाला फिकीर? ड्रायव्हर भिजला तर भिजला. पण आमचं गिऱ्हाईक रविवारी बायकोला घेऊन निघतं आणि बायको भिजली की सोमवारी गाडी आमच्या दारात.

मागच्या महिन्यात अशीच एक आली. पाणी पेडलजवळ साठायचं. आधीच्या कोणीतरी पेडलच्या वरचा प्रत्येक सांधा सीलंटने लिंपून ठेवला होता, तरी गळती तिथल्या तिथे. मी सीट, कार्पेट काढलं, आतला भाग पुसून कोरडा केला आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली. मग टॉर्च घेऊन आत आडवी झाले. बाहेरून गॅरेजच्या मालकाने नळी धरली. पाणी खालून सुरू करायचं आणि सावकाश वर न्यायचं, हा नियम. आधी वरून ओतलं तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. विसाव्या मिनिटाला पावडरीत एक बारीक रेघ उमटली. पाणी शिरत होतं काचेच्या वरच्या कोपऱ्यातून, तिथून वायरिंगच्या जुडग्यावर चढून, वायर धरून धरून पेडलपर्यंत येऊन टपकत होतं. गळतं तिथे भोक नसतंच बाबा, फार क्वचित असतं. काच नीट बसवली आणि वायरिंगला मध्ये खाली झोका दिला, म्हणजे चुकून पाणी आलंच तर झोक्याच्या तळाशीच गळून जाईल.

तरी गाडी रस्त्यावर काढली की दाराच्या खालून पाणी आत यायचंच. उभ्या गाडीवर तासभर नळी सोडली तर थेंब नाही! वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात ना, ते उभ्या घरापुरतं खरं. वेगात हवा पाण्याला रेटते, सांध्यांतून वरही चढवते. फायबरची दारं थोडी वाकडी असतात, फट कुठे दोन मिलिमीटर, कुठे सहा. मी दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचे आणि पट्टी ओढून बघायचे. जिथे सहज निघाली तिथे जाड, पोकळ रबर. पट्टीची युक्ती तुमचीच, आपल्या फ्रीजच्या दाराला केली होतीत.

आणि जे पाणी येणारच, त्याला वाट द्यायची. पण ड्रिल घेऊन कुठेही भोक पाडता येत नाही. दाराखालच्या रुंद पट्ट्यांत दोन्ही बाजूंना पेट्रोलच्या टाक्या असतात. सांगाड्याच्या नळीला भोक पडलं तर ओल आत जाऊन ती आतून सडते, वरून रंग नवाकोरा. इथे थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पाणी पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या मध्ये साठलं की पत्रा पांढरा पडून भुगा होतो. मी अर्धा दिवस नुसती मापं घेत होते. शेवटी तळाच्या पत्र्यात दोन भोकं पाडली, त्यांना मागे तोंड केलेल्या रबरी नळ्या लावल्या, म्हणजे चाकांचं उडालेलं पाणी उलट आत शिरत नाही. मालक काही बोलला नाही, पुढच्या गाडीची चावी माझ्याकडे दिली.

आता आई, तुला इथली एक गंमत सांगते, मलाही वर्षभर कळली नव्हती. त्या गिऱ्हाइकाला गळती नको होती, पण रबर दिसायलाही नको होतं. का, तर मूळ गाडीला नव्हतं! गाडी नवी, इंजिन नवं, पण दिसणारा प्रत्येक स्क्रू १९६६ सालच्या पद्धतीचाच हवा. दोघं-तिघं भेटले की आपली कुठून गळते ते एकमेकांना अभिमानाने सांगतात, आपल्याकडे गुडघेदुखी सांगतात तसं. ज्याची गळत नाही त्याच्याकडे जरा संशयाने बघतात. मला आधी वाटलं, पैसा जास्त झालाय. मग आठवलं, दगडूशेठपुढे दरवर्षी कुठल्या तरी मंदिराची प्रतिकृती उभी राहते आणि आपण दीड तास रांगेत उभे राहून म्हणतो, "खांब अगदी तस्सेच!" तिथे नकली म्हटलेलं तुला चालेल का? बाबांना विचार. शेवटी मी रबराला काळा मॅट रंग देऊन दाराच्या आतल्या घडीत लपवलं. खूश झाला, बिस्किटांचा डबा देऊन गेला.

गॅरेजमध्ये मी एकटी मुलगी आहे, हो. कोणी त्रास देत नाही. ओल्या कपड्यात राहत नाही, डांगरी बदलते. खोकला गेला. तो खोकला नव्हताच, घसा होता.

आता राहिलेलं.

कोथरूडच्या मुलाशी मी परस्पर बोलले, रागावू नका. मुलगा चांगला आहे. त्याने सरळ विचारलं, परत कधी येणार, आणि मला सरळ उत्तर देता आलं नाही. मग त्याला ताटकळत ठेवणं बरं दिसलं नाही. मावशीला आईने सांगावं. मी सांगितलं तर ती माझ्या शिक्षणापासून सुरुवात करेल.

गणपतीला येत नाहीये. कामाचं कारण दादाला सांगितलं होतं, ते अर्धंच खरं. तिकिटाचे आणि साठवलेले मिळून १,२०,००० रुपये बाबांच्या खात्यात टाकलेत. शैक्षणिक कर्जाचा हप्ता वेगळा गेलाय, त्यात हे धरू नका. हे गच्चीसाठी. दादाने सांगितलं मला. रागवायचं तर त्याच्यावर रागवा.

बाबा, कंत्राटदाराला स्वयंपाकघराच्या छताला प्लास्टर करू देऊ नका. पाणी तिथून येत नाहीये. आत्ता फक्त ताडपत्री टाका आणि गच्चीच्या पाइपाच्या तोंडाशी अडकलेली पानं दादाला काढायला लावा. तुम्ही शिडीवर चढायचं नाही. कठड्याच्या भेगेत पिंपळ उगवलाय का बघा. पाऊस संपला की पाइपाला बोळा मारून गच्चीवर चार बोटं पाणी दोन दिवस साठवा आणि खाली ओल कुठे फुटते त्यावर खडूने खूण करा. फोटो पाठवा, मग कोबा कुठे फोडायचा ते मी सांगते. उतार पाइपाकडेच आहे ना, तेही बघून घ्या.

आणि आई, गेले तीन आठवडे तू व्हिडिओ कॉल फक्त हॉलमधून करतेस. मागे टप टप ऐकू येतं, त्याला तू नळ म्हणतेस. येत्या रविवारी ओट्यापाशी उभी राहा आणि फोन वर धर.

तुमची,
धाकटी