रॅकवर किलोचा भावही लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्याकडे तेलाची स्टीलची बरणी आहे. महिन्याचा किराणा आणला की तेलाच्या तीन पिशव्या तिच्यात ओतायच्या आणि तेल बरोबर गळ्याशी यायचे, हे वर्षानुवर्षांचे माप. गेल्या महिन्यात तिसरी पिशवी पार पिळून काढली तरी तेल दोन बोटे खालीच राहिले. सांडले म्हणावे तर ओटा कोरडा. मग कापलेली पिशवी उलटसुलट करून पाहिली. ८५० मिली! पिशवीची उंची तीच, रंग तोच, चित्रही तेच.

वजन छापलेले होते, त्यामुळे कायद्याने चूक कुणाचीच नाही. पण महिन्याची यादी हातात घेऊन ढकलगाडी लोटणारे माणूस प्रत्येक पाकिटाचे वजन वाचत बसते का?

पुढच्या खेपेला मी मुद्दाम त्या सुपरमार्केटच्या रॅकसमोर थांबले. ८५० मिलीची पिशवी १४४ रुपयांना, शेजारी एक लिटरची १६२ ला. मोबाइलवर हिशेब केला तर छोटी पिशवी लिटरला १६९ रुपयांच्या वर पडत होती. आणि '१२ रुपये वाचवा' ही ठळक लाल पट्टी नेमकी तिच्याच खाली! त्यात काही पिशव्यांवर माप मिलीत, काहींवर ग्रॅममध्ये. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते, हे किती जणांना ठाऊक असेल? माझ्या शेजारी एक आजी पिशवी हातभर लांब धरून उभ्या होत्या. "बाळ, हे लिटरचंच आहे ना गं?" त्यांनी विचारले. नव्हते.

पूर्वी तेल, पीठ, डाळी, चहा, मीठ अशा वस्तूंची पाकिटे ठरावीक वजनांतच भरावी लागत. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांतून ते बंधन पुढे काढले गेले आणि त्याऐवजी ग्रॅममागे किंवा किलोमागे पडणारा भाव पाकिटावर छापणे सक्तीचे झाले. नियम चांगलाच आहे. पण तो भाव असतो कुठे? बॅच नंबर आणि तारखेच्या रांगेत, पिशवीच्या घडीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. तेलाचा हात लागला की शाई पसरते. चष्मा लावूनही मला दोनदा वाचता आला नाही.

किराणा दुकानात 'शेंगदाणे कसे दिले?' विचारले की दुकानदार किलोचाच भाव सांगतो. सुपरमार्केटमध्ये विचारायला कुणी नसते, म्हणून तो रॅकवर लिहिलेला हवा. युरोपीय संघाने १९९८ सालीच दुकानदारांना किंमतीबरोबर किलोचा किंवा लिटरचा भाव दाखवणे बंधनकारक केले. आपल्याकडे रॅकवर पट्ट्या आधीच लावलेल्या असतात, ऑफर बदलली की त्या रातोरात बदलतात. त्याच पट्टीवर, किमतीच्याच आकाराच्या अक्षरांत, 'लिटरला इतके' एवढी एक ओळ छापायला वेगळा खर्च तो कोणता?

राज्याच्या वैधमापन यंत्रणेने यात लक्ष घालावे, ही कळकळीची विनंती. सगळ्या मालाला एकदम जमत नसेल तर निदान तेल, बेसन, रवा आणि साखरेपासून सुरुवात करावी, आणि तीही दिवाळीच्या फराळाची खरेदी सुरू होण्याआधी.

आपली नियमित वाचक,
एक गृहिणी, सांगली