करंजीजवळच्या मेकॅनिक भाऊंना, राहून गेलेल्या फोनऐवजी

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी १४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मी तुमच्या दुकानातून निघाले, तेव्हा तुम्ही स्पेअर पार्टच्या एका जुन्या बिलाच्या पाठीमागे आपला नंबर लिहून दिला होता आणि ‘पोचल्यावर एक फोन करजा जी’ असे सांगितले होते. तो फोन तुम्हाला आला नाही. सेलमच्या पुढे दिवसभर कोसळलेल्या पावसात हँडलच्या पिशवीतल्या त्या कागदाचा लगदा झाला आणि मुक्कामी उलगडून पाहिला तेव्हा शेवटचे तीन आकडे तेवढे वाचता आले. तुमच्या दुकानावर पाटी नव्हती आणि निघण्याच्या घाईत नाव विचारायचेही माझ्याकडून राहून गेले. म्हणून हे पत्र असे सगळ्यांसमोर लिहीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वडकी, करंजी, पांढरकवडा भागातल्या कोणी ते वाचले आणि तुम्हाला ओळखले, तर त्यांनी ते तुमच्यापर्यंत पोहोचवावे, एवढी विनंती.

आम्ही ११ जण २५ ऑक्टोबरला श्रीनगरहून सायकलने निघालो होतो. आमच्यात सर्वांत धाकटा २३ वर्षांचा होता, सर्वांत वडीलधारे ६७ वर्षांचे होते, आणि वाईच्या शाळेत विज्ञान शिकवणारी मी ५२ वर्षांची. देशातला सर्वांत लांब असा हा राष्ट्रीय महामार्ग ४४, श्रीनगर ते कन्याकुमारी, सुमारे ३,७०० किलोमीटर. नागपूरच्या खाली तो पूर्वीचा ७ क्रमांकाचा रस्ता, आणि तुम्ही अजूनही त्याला ‘सात नंबर’च म्हणत होता. पांपोरला केशराच्या फुलांनी जांभळी झालेली शेते पाहून निघालेलो आम्ही पंजाब, दिल्ली, आग्रा, झाशी, सागर असे उतरत आलो. सिवनीहून नागपूरकडे येताना, पेंचच्या जंगलात वाघांना खालून जाता यावे म्हणून रस्ताच खांबांवर उचलून घेतलेला पाहिला, आणि बुटीबोरी सोडल्यावर दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस सुरू झाला.

त्या कापसाच्याच एखाद्या गाडीवरून पडलेली नायलॉनची दोरी माझ्या मागच्या चाकाशी गुंतली. मला काही कळायच्या आत ती गिअरच्या डिरेलरमध्ये, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागात, ओढली गेली, कडकन आवाज झाला आणि अख्खा डिरेलर साखळीला लोंबकळू लागला. डिरेलर ज्याच्या आधाराने फ्रेमला बसतो तो अंगठ्याएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, ज्याला आम्ही हँगर म्हणतो, त्याचे दोन भाग झाले होते. प्रत्येक फ्रेमच्या हँगरचा आकार वेगळा असतो, त्यामुळे बरोबरच्यांचे हँगर मला उपयोगाचे नव्हते. माझ्याजवळचा एकुलता एक जादा हँगर मी श्रीनगरलाच वापरून बसले होते, कारण सायकली खोक्यांतून तिथे पोहोचल्या तेव्हा पहिला वाकलेला निघाला होता. आमचा सामानाचा टेम्पो पांढरकवड्याला पुढे गेलेला, आणि नागपूर सव्वाशे किलोमीटर मागे. इथून पुढचा प्रवास टेम्पोत बसून करावा लागणार, हे मनाशी जवळजवळ ठरवूनच मी सायकल ढकलत तुमच्या दारात आले.

भाऊ, तुमचे दुकान मोटारसायकलींचे. ‘हे आमचं काम नाही’ असे तुम्ही म्हणाला असता तरी मी ते मुळीच मनाला लावून घेतले नसते. तुम्ही मात्र दोन्ही तुकडे तळहातावर जुळवून बराच वेळ पाहत राहिलात. शेजारच्या वेल्डिंगवाल्यांनी लोखंडाची जाड पट्टी पुढे केली, त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी शब्दशः लक्षात ठेवले आहे: ‘लोखंडाचा नाही करत. हा तुटाले पायजे. हा नाही तुटला तं ताईची फ्रेम तुटन.’ आपला बळी देऊन फ्रेम वाचवण्यासाठीच हा भाग मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, हे मला सायकल चालवायला लागून चार वर्षे झाल्यावर कोणीतरी समजावून सांगितले होते. तुम्हाला ते त्या तुटलेल्या कडेकडे पाहून कळले.

मग तुम्ही भंगारातून एका मोटारसायकलच्या मागच्या फुटरेस्टची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी शोधलीत, तुकडे तिच्यावर ठेवून खिळ्याने रेघ ओढलीत, हॅकसॉने कापलीत आणि कानशीने तासायला बसलात. मला खरी धास्ती होती ती आट्यांची. हँगरमध्ये बसणारा डिरेलरचा बोल्ट १० मिलिमीटरचा असतो, पण त्याचे आटे बारीक, १ मिलिमीटर अंतराचे. बाजारात मिळणाऱ्या साध्या १० च्या बोल्टचे दीड मिलिमीटरचे. एवढे बारीक आटे पाडणारे हत्यार, म्हणजे टॅप, खेड्यातल्या दुकानात कुठून असणार? तुम्ही तो बोल्ट उजेडात धरलात, डब्यातून एक जुना स्पार्क प्लग काढलात आणि दोन्हींचे आटे एकमेकांत रुतवून दाखवलेत. एक रेसही इकडेतिकडे नव्हती. ‘हे तं प्लगचे आटे हायेत जी,’ असे म्हणून तुम्ही, इंजिनच्या हेडमधले प्लगचे झिजलेले आटे साफ करायला ठेवलेला टॅप काढलात. ९ च्या ड्रिलने भोक पाडले, टॅपला तेल लावून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा तो सावकाश फिरवलात, आणि आटे नीट उतरले की नाही हे पाहायला तो प्लगच हँगरमध्ये बसवलात. सायकलच्या फ्रेमला लागलेला स्पार्क प्लग मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. तो चाकाला काटकोनात आहे का, हे तुम्ही एक डोळा मिटून तीनदा तपासलेत आणि दोनदा उतरवून पुन्हा कानस मारलीत.

या सगळ्याला अडीच तास लागले. तुमच्याकडे आधीपासून थांबलेल्या एका काकांची मोटारसायकल अर्धी उघडून पडली होती. त्यांना दुसऱ्या दिवशी कापूस घेऊन जायचे होते. त्यांनी आपला नंबर मागे जाऊ दिला, एवढेच नव्हे, तर अंधार पडल्यावर मोबाइलचा उजेडही तेच धरून उभे होते. त्यांनाही माझा नमस्कार सांगा. तुम्ही पैसे घेतलेत ते प्लगचे आटे पाडण्याचे जे घेता तेवढेच, १०० रुपये. जास्त देऊ केले तेव्हा तुम्ही हात मागे घेतलात, आणि मी आणखी आग्रह धरला नाही, कारण तुमच्या कामाचा भाव ठरवण्याचा अधिकार तुमचाच होता.

आता फोनवर सांगायचे होते ते. तुमच्या हँगरवर मी दुसऱ्या दिवशी पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरले. निर्मळच्या पुढे गोदावरी लागली. हैदराबादच्या दुकानात त्यांच्या मापाच्या हत्याराने तपासले तेव्हा तुमचा हँगर केवळ दोन मिलिमीटर बाहेर होता. तो त्यांनी जागच्या जागी सरळ करून दिला आणि कुठे बनवला, असे दोनदा विचारले. बीचुपल्लीच्या पुलावर कृष्णा आली. आमच्या वाईच्या घाटावर जिच्यात पाय बुडवून बसते, तीच ही, आणि एवढी रुंद, म्हणून मी तिथे उतरून उभी राहिले. बेंगळुरूला माझ्या फ्रेमचा नवा हँगर मिळाला. तो मी विकत घेतला आणि पिशवीत ठेवला. सोबत्यांनी तो बसवायचा आग्रह केला, पण चालणारी वस्तू काढून टाकण्याचे मला काही कारण दिसेना. तोप्पूर घाटाचा उतार, मदुराईनंतरचे कोरडे सरळ रस्ते, मुप्पंदलच्या पवनचक्क्यांजवळचा वारा, या सगळ्यांत गिअर एकदाही अडला नाही. मोठ्या गिअरवर जोर देऊ नका, असे तुम्ही बजावले होते, ते मात्र मी कसोशीने पाळले.

५ डिसेंबरला दुपारी ११ पैकी ११ जण कन्याकुमारीला पोहोचलो. बाकीच्यांनी विवेकानंद शिलेकडे पाठ करून फोटो काढून घेतले. मीही त्यांच्यात उभी राहिले, आणि मग खाली बसून हँगरचा एक फोटो काढला. तो छापून घेतला आहे.

तो जुना प्लग मी तुमच्याकडून मागून आणला होता, हे तुम्हाला आठवत असेल. आता तो आमच्या प्रयोगशाळेत आहे. आट्यांमधले अंतर कसे मोजायचे, हे मी नववीच्या मुलांना त्याच्यावर दाखवते आणि तो कुठून आला तेही सांगते. मुलांनी तुमचे नाव विचारले, तेव्हा मला सांगता आले नाही. येत्या दिवाळीच्या सुट्टीत तो फोटो घेऊन मी स्वतः करंजीला येणार आहे. त्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचले, तर शाळेच्या पत्त्यावर दोन ओळी टाका. वाईच्या शाळांत सायकलवाल्या बाई विचारल्या तरी पत्र मला मिळेल.

तुमची कृतज्ञ,
वाईची सायकलवाली ताई