मांजर सोडून देण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतील एका कुटुंबाने तीन वर्षे घरात वाढवलेली मांजरी पिशवीत घालून मासळी बाजाराजवळ सोडून दिली. कारण एवढेच की दिवाणखान्यात नव्याने अंथरलेल्या लोकरी गालिच्याचे धागे ती नखांनी उपसत होती. आम्ही दोघे पतिपत्नी सलग तीन संध्याकाळी तिथे जाऊन तिला हाका मारून आलो, पण ती सापडली नाही. त्या कुटुंबाला प्राण्यांचा तिटकारा होता असे मुळीच नाही. त्यांनी ओरडून पाहिले, अंगावर पाणी उडवून पाहिले आणि काहीच उपयोग होईना तेव्हा त्यांचा धीर सुटला. त्यांना वेळेवर जे कुणी सांगितले नाही, ते इतर मांजरपालकांपर्यंत तरी पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मांजर गालिचा उपसते ते खोडी काढण्यासाठी नाही. त्याच्या नखांची वाढ थरांनी होते आणि वरचे जुने टरफल निघून जाण्यासाठी त्याला नखे कशात तरी रुतवून ओढावी लागतात. गालिच्याच्या कडेला अर्धचंद्राकृती पापुद्रे सापडतात, ते हेच टरफल. झोपून उठल्यावर पाठीचे आणि खांद्यांचे स्नायू ताणण्याची त्याची रीतही हीच. शिवाय पंजांत गंधग्रंथी असतात, त्यांचा आपल्याला न कळणारा वास त्या जागी उतरतो आणि म्हणूनच मांजर पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्याकडे येते. गावाकडच्या घरात यासाठी पडवीचा खांब असतो, अंगणातला आंबा असतो. मुंबईतल्या पाचव्या मजल्यावरच्या, खिडक्यांना जाळ्या लावलेल्या घरात लाद्या गुळगुळीत आणि कपाटे लॅमिनेटची; तिथे नख रुतेल अशी जागा बहुधा गालिचा नाहीतर सोफा एवढीच उरते. अशा वेळी मांजरावर ओरडले तर ते एवढेच शिकते की माणूस समोर असताना हे करायचे नाही, आणि भेदरलेले मांजर आपल्या खुणा अधिकच करू लागते.

आमच्या ठमीच्या बाबतीत आम्हीही आधी चूक केली. दुकानातून नखे घासण्याचा एक खांब आणला. तो जेमतेम दीड फूट उंच होता, हात लावला की डगमगत होता आणि त्यावर कापड गुंडाळलेले होते तेही गालिच्याचेच. तिने त्याला एकदा हुंगले आणि ती गालिच्याकडे परतली. पुष्कळ दिवसांनी आमच्या लक्षात आले की जे मांजर जमिनीवरचा गालिचा निवडते त्याला बहुतेकदा आडवीच जागा हवी असते, उभा खांब कितीही चांगला असला तरी ते त्याकडे वळेलच असे नाही. मग अडीच फूट लांब आणि एक फूट रुंद अशी जाड फळी घेतली, तिच्यावर घायपाताची दोरी घट्ट गुंडाळली, दोरीची टोके खालच्या बाजूने ठोकली आणि फळी सरकू नये म्हणून तळाला रबर चिकटवले. दोरी मिळाली नाही तर काथ्याचे जाड पायपुसणे फळीवर पक्के बसवले तरी चालते, किंवा खोक्याच्या पन्हाळी पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या चिकटवून केलेला पाटही मांजरांना आवडतो.

ही फळी ठेवायची कुठे, यावर सारे अवलंबून आहे. घरात अडचण नको म्हणून ती बाल्कनीच्या कोपऱ्यात टाकली तर मांजर तिच्याकडे फिरकणार नाही. ज्या जागी गालिचा उपसला जातो नेमकी तीच जागा फळीला द्यावी आणि शक्य असेल तर तेवढे दिवस गालिचा गुंडाळून ठेवावा. ते शक्य नसल्यास त्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी, कारण पंजांना चिकट स्पर्श मांजरांना सहन होत नाही. मांजराचे पंजे धरून फळीवर घासू नयेत, त्याने ते बिथरते. फळीवरून एखादी दोरी हळूहळू ओढत न्यावी, म्हणजे ती पकडताना नखे आपोआप रुततात, आणि रुतली की त्याच क्षणी उकडलेल्या बांगड्याचा काटे काढलेला तुकडा पुढे करावा. सवय लागल्यावर फळी रोज दोन-तीन इंच सरकवत आपल्याला सोयीच्या जागी न्यावी. आम्हाला पाच आठवडे लागले. दर दोन-तीन आठवड्यांनी पुढच्या पंजांच्या नखांची फक्त पारदर्शक टोके कापल्यास नुकसान आणखी कमी होते. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते, तिथवर कात्री जाता कामा नये.

काही घरगुती उपायांबद्दल मात्र मला कळकळीने सांगावेसे वाटते. गालिच्याखाली डांबराच्या गोळ्या ठेवणे, कडेला फिनेल लावणे किंवा तिखट भुरभुरणे असे सल्ले सर्रास दिले जातात. मांजर आपले पंजे चाटून स्वच्छ करते, त्यामुळे पंजाला लागलेले सारे त्याच्या पोटात जाते, आणि नॅफ्थलीन किंवा फिनेलमधील फिनॉलसारखी द्रव्ये त्याच्या यकृताला आपल्याप्रमाणे निकामी करता येत नाहीत. गालिचा वाचवताना मांजराला विषबाधा होऊ शकते.

नखे कायमची काढून घेण्याची चौकशीही काही जण करतात. त्या शस्त्रक्रियेत केवळ नख निघत नाही, बोटाचे शेवटचे हाड छाटले जाते. पुढच्या दोन पंजांत मिळून अशी दहा हाडे. न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे प्राण्याला विद्रूप करणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये गुन्हा आहे, आणि अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. ज्या मांजरीने जन्मभर वाटीतले खाल्ले, तिला बाजारातल्या कुत्र्यांत आणि गाड्यांत सोडले तर तिची काय गत होते, याचा विचार पिशवीचे तोंड बांधण्यापूर्वी व्हायला हवा.

मांजर अचानक पूर्वीपेक्षा जास्त ओरखडू लागले तर त्यामागे आजार किंवा घरातील एखादा ताण असू शकतो, तेव्हा पशुवैद्यांना दाखवावे. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला मुंबईकर आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही संस्था या शहरात शंभराहून अधिक वर्षे आहेत.

आपल्या दैनिकाने मांजरांच्या अशा सवयींविषयी एखाद्या अनुभवी पशुवैद्यांकडून सविस्तर लेख लिहून घेऊन प्रसिद्ध करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. लेख दिवाळीच्या साफसफाईपूर्वी, म्हणजे घरोघरी नवे गालिचे अंथरले जाण्याआधी आला तर अधिक बरे होईल.

आपली नम्र,
एक वाचक, गोरेगाव (पूर्व), मुंबई